शेर्पांच्या गावात शास्त्रज्ञांची मोहीम

एव्हरेस्टचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग शेर्पा आणि एडमंड हिलरी त्या शिखरावर पोहोचले, हे आपण पुस्तकात शिकलो. पण त्याच एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खोऱ्यांत शेती होते, बटाटे पिकतात, गोठ्यात जनावरे असतात आणि पोळ्यातील मोहोळाप्रमाणे एकमेकांना धरून राहणारी गावे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नेपाळच्या ईशान्य कोपऱ्यातील त्या मुलखाला खुंबू म्हणतात. तिथे शेर्पा लोक राहतात. त्यांच्या मुलखात १९६० साली शास्त्रज्ञांची एक मोहीम आली. तिने काय पाहिले, त्या लोकांकडून काय घेतले आणि त्यांना काय दिले, याची ही हकिकत शेतकरी कुटुंबांनी वाचावी अशी आहे.

कळसूबाईच्या दुपटीहून उंच गावे

आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. खुंबूतले खुमजुंग हे शेर्पांचे मोठे गाव सुमारे १२,४०० फुटांवर वसले आहे. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी तिच्या माथ्यावरून या गावाकडे मान वर करूनच पाहावे लागेल! गावाच्या पाठीशी खुंबिला नावाचा पर्वत आहे. तो त्या मुलखाचा ग्रामदेव. आपण देवाच्या डोक्यावर पाय देत नाही, तसे शेर्पाही त्याच्या माथ्यावर चढत नाहीत. एव्हरेस्ट चढणारे हात-पाय या डोंगरापुढे जोडले जातात.

शेर्पांचे पूर्वज सुमारे पाचशे वर्षांपूर्वी पूर्व तिबेटमधून आले. ‘शेर्पा’ या शब्दाचा अर्थच पूर्वेकडचा माणूस. जवळजवळ पावणेएकोणीस हजार फूट उंचीच्या नांगपा खिंडीतून त्यांचा तिबेटशी व्यापार चाले. तिकडून मीठ आणि लोकर यायची, इकडून धान्य आणि जनावरे जायची. धर्माने ते बौद्ध. गावोगावी गोम्पा, म्हणजे मठ. त्यांतला तेंगबोचेचा मठ १९१६ साली स्थापन झाला.

१९६० साली या मुलखात जायला मोटाररस्ता नव्हता, विमानही नव्हते. काठमांडूच्या खोऱ्यातून निघाले की दोन आठवड्यांहून अधिक दिवस पायी चालावे, नद्या आणि डोंगरांच्या रांगा ओलांडाव्यात, तेव्हा नामचे बाजार दिसे.

बर्फावरची रुपेरी झोपडी

मोहिमेचे प्रमुख होते हिलरी आणि शास्त्रीय कामाचे प्रमुख होते डॉ. ग्रिफिथ प्यू. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत गिर्यारोहकांनी प्राणवायू किती घ्यावा, पाणी किती प्यावे, खावे काय, याचा हिशेब प्यू यांनीच बसवला होता. आता त्यांना एक मोठा प्रश्न सोडवायचा होता. सपाटीवरचा माणूस अति उंचीवर महिनोन् महिने राहिला, तर त्याचे शरीर त्या हवेला सरावते का?

त्यासाठी आमा दब्लम पर्वताच्या कुशीत, मिंग्बोच्या हिमनदीवर, सुमारे १९,००० फुटांवर एक लाकडी झोपडी उभारली. ती पिंपासारखी गोल होती. तिचे सुटे भाग करून आणले होते, आणि ते वर वाहून नेले ते शेर्पांच्या पाठींनी. तिला रुपेरी रंग दिला होता, म्हणून तिचे नाव पडले ‘सिल्व्हर हट’. आत रॉकेलची शेगडी, आणि विजेसाठी वाऱ्यावर फिरणारी चक्की. १९६०-६१ चा अख्खा हिवाळा शास्त्रज्ञांची तुकडी तिथे राहिली. भारतीय सैन्यातले डॉक्टर कॅप्टन मोटवानीही त्यांच्यात होते. जागेवर फिरणारी सायकल मारायची, श्वास पिशवीत धरायचा, रक्त तपासायचे, वजन करायचे, असा त्यांचा दिनक्रम.

त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या निम्मा असतो. श्वास तेवढाच घेतला तरी त्यात प्राणवायू निम्माच येतो. सुरुवातीच्या आठवड्यांत माणसे थोडी सरावली, कामे करू लागली. पण वजने घटत राहिली. खायला भरपूर होते, शेगडीची ऊब होती, तरी भूक मंदावलेली आणि अंग झडत चाललेले. निष्कर्ष असा निघाला की १९,००० फुटांवर माणूस काही काळ तग धरू शकतो, पण कायमचा संसार मांडू शकत नाही.

आता गंमत पाहा. शेर्पांची बारमाही गावे साधारण अकरा ते तेरा हजार फुटांच्या पट्ट्यात आहेत. उन्हाळ्यात जनावरे घेऊन ते सोळा हजार फुटांच्या आसपासच्या कुरणांपर्यंत जातात, तिथे दगडी खोपटांत राहतात आणि थंडी येताच खाली उतरतात. त्याच्या वर कोणी घर बांधत नाही. शास्त्रज्ञांनी एक हिवाळा यंत्रे लावून जे सिद्ध केले, ते शेर्पांच्या घरांच्या जागांनी आधीच सांगून ठेवले होते. यात शास्त्राला कमीपणा नाही. शेर्पांना कुठवर राहावे हे ठाऊक होते, शास्त्राने त्यामागचे कारण शोधले. दोन्ही ज्ञाने एकमेकांना पूरक ठरली.

मोहीम तिथे असताना आणखी एक नवल घडले. नेपाळच्या खालच्या डोंगराळ भागातला एक यात्रेकरू ऐन हिवाळ्यात तिथे आला. अंगावर साधे कपडे, पायांत काही नाही, हातमोजे नाहीत. पंधरा ते साडेसतरा हजार फुटांच्या दरम्यान चार दिवस तो निवाऱ्याशिवाय राहिला. ना त्याची बोटे गारठून झडली, ना अंगातली ऊब गेली. प्यू यांनी त्याची तपासणी केली, तेव्हा दिसले की थंडीत त्याचे शरीर जास्त उष्णता निर्माण करून स्वतःला ऊब देत होते. पुढे १९६३ साली त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला.

दगडी ताली आणि बटाट्याची शेते

झोपडीतून खाली गावात येऊ. आपल्या वाचकांना तिथे अधिक ओळखीचे वाटेल.

खुंबूत वर्षाला एकच पीक. एप्रिलच्या सुमारास लागवड, सप्टेंबरच्या सुमारास काढणी. मधल्या दिवसांत जे काही पिकेल, त्यावर वर्ष काढायचे. शेते लहान लहान, दगडी ताली घालून उतारावर बसवलेली. पिके मोजकी : बटाटा, कुट्टू आणि जव. चौदा हजार फुटांहून उंच असलेल्या दिंगबोचे येथे ओढ्याचे पाणी पाटाने फिरवून जव पिकवतात. इतक्या उंचीवर पाटपाण्याची शेती जगात फार थोड्या ठिकाणी असेल.

बटाटा मात्र तिथला मूळचा नव्हे. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तिथे पोहोचला. दार्जिलिंगकडून आला की काठमांडूतल्या इंग्रज वकिलाच्या बागेतून, याबद्दल दोन्ही मते आहेत. थंड हवा आणि भुसभुशीत माती त्याला मानवली. जवापेक्षा कितीतरी जास्त खाणे तेवढ्याच जमिनीतून निघू लागले. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९५३ साली प्रथम खुंबूत आले. त्याआधी त्यांनी निजामाच्या हैदराबाद राज्यात, आपल्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबाद भागातल्या गोंडांमध्ये बरीच वर्षे काम केले होते. त्यांनी असे दाखवले की सव्वाशे वर्षांत खुंबूतली घरे तिपटीहून अधिक वाढली, नवे मठ उभे राहिले, आणि याचे मोठे श्रेय बटाट्याला आहे. तिबेटमधून येऊन वसलेल्या लोकांमुळेही वस्ती वाढली, असे पुढच्या अभ्यासकांनी सांगितले. ते काही असो, एका नव्या पिकाने सबंध मुलखाचे पोट धरले, एवढे खरे. आपल्याकडे सातगाव पठारावरच्या शेतकऱ्यांना बटाट्याचा हा महिमा वेगळा सांगायला नको.

बटाटा काढला की जमिनीत खड्डे खणून त्यांत तो पुरून ठेवतात, म्हणजे हिवाळ्यात गोठत नाही. किसलेल्या बटाट्याची जाड धिरडी करून ती याकच्या लोण्याबरोबर खातात. आपण गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतो, तसाच तो थाट.

खताची काळजी तर पाहण्यासारखी. घर दुमजली. खाली जनावरे, जळण आणि चारा, वर माणसे. रानातला पालापाचोळा पाठीवरून आणून गोठ्यात अंथरतात. तो शेणामुताने भिजला की उत्तम खत होते. संडासातही पाला टाकतात आणि तेही कुजवून शेतात नेतात. काडीचाही नाश होत नाही. हे काम बहुतेक बायकांच्या अंगावर, कारण पुरुष व्यापाराला किंवा मोहिमांबरोबर ओझी घेऊन गेलेले. घर, गुरे आणि शेत तीन्ही सांभाळणारी ती बाई आपल्याही गावात प्रत्येक घरी आहे.

जनावरांमध्ये याकचे स्थान मोठे. नर तो याक आणि मादी ती नाक. नाकचे दूध आपल्या म्हशीच्या दुधासारखे दाट. याक आणि गाय यांचा संकर शेर्पा फार पूर्वीपासून करत आले आहेत. त्या संकरातला नर ओझ्याला आणि नांगराला बळकट, पण वांझ. मादी मात्र दुधाला चांगली आणि गाभण राहणारी. संकराचा गुण त्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ओळखला होता.

गावाची चराईबंदी

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची गावव्यवस्था. पिके उभी राहिली की गावाच्या शिवारात जनावर ठेवायचे नाही, अशी बंदी घातली जाते. ती पाळली जाते की नाही हे पाहायला गाव आपल्यातलीच माणसे नेमते. त्यांना ‘नावा’ म्हणतात. जनावर शिवारात सापडले की धन्याला दंड. मग धनी श्रीमंत असो वा गरीब. जनावरे तोवर वरच्या कुरणांत जातात. काढणी आटोपली की बंदी उठते, जनावरे खाली येतात आणि शेतात खत पडते. चाऱ्याचे गवत कोणत्या दिवसापासून कापायचे हेही नावाच ठरवतात. म्हणजे कोणी घाईने दुसऱ्याच्या वाट्याचे गवत कापून नेत नाही. रानातल्या लाकूडतोडीवर नजर ठेवायलाही अशीच माणसे असत.

आपल्याकडे हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून डोंगर हिरवे केले, हे आपण जाणतो. कागदावरचा कायदा दूर असतो. गावाने स्वतः घातलेला नियम मात्र शेजाऱ्याच्या डोळ्यांत दिसतो. म्हणून तो टिकतो.

विचारले आणि न विचारले

आता या हकिकतीचा गाभा. मोहिमेचे एक काम यतीचा शोध घेणे हेही होते. खुमजुंगच्या मठात यतीच्या डोक्याची म्हणून एक केसाळ टोपी जपून ठेवलेली होती. ती तपासायला परदेशी न्यायची होती. गावकरी धास्तावले. पूज्य वस्तू गावाबाहेर गेली तर अरिष्ट येईल, पीक जाईल, असे त्यांना वाटले. शेवटी सहा आठवड्यांत परत आणण्याच्या अटीवर त्यांनी ती दिली आणि खुंजो चुंबी हे गावातले वडीलधारे गृहस्थ राखणीला बरोबर गेले. खुमजुंगहून निघालेला तो शेर्पा शिकागो, पॅरिस आणि लंडन पाहून आला. तज्ज्ञांनी सांगितले की ती टोपी ‘सेरो’ या डोंगरी बकऱ्यासारख्या प्राण्याच्या कातड्याची आहे. टोपी मुदतीत मठात परत आली. गावाला दिलेला शब्द पाळला गेला.

याउलट एक प्रसंग घडला. मार्च १९६१ मध्ये झोपडीतल्या चौघांनी आमा दब्लमचे शिखर सर केले. चढाई फार मोठी होती, पण नेपाळ सरकारची परवानगी घेतलेली नव्हती. सरकार रागावले, मोहीम बंद पडण्याची वेळ आली. हिलरींना काठमांडूला जाऊन दंड भरून ते प्रकरण मिटवावे लागले. पुढे मे महिन्यात मकालू शिखरावर प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय जाण्याचा प्रयत्न फसला. एका सभासदाच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली, आणि हिमदंशामुळे त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. त्याला जिवंत खाली आणण्यात शेर्पांच्या खांद्यांचा वाटा मोठा होता.

याच मोहिमेत शेकोटीभोवती बसले असता हिलरींनी शेर्पांना विचारले, तुमच्यासाठी आम्ही काय करावे? त्यांनी पैसे मागितले नाहीत, कपडे मागितले नाहीत. आमच्या मुलांना शाळा हवी, असे ते म्हणाले. १९६१ च्या जून महिन्यात खुमजुंगला शाळा सुरू झाली. कलकत्त्याच्या एका कंपनीने ॲल्युमिनियमची सुटी इमारत दिली. तिबेटहून आलेल्या हजारो निर्वासितांना धान्य पोहोचवण्यासाठी मिंग्बोला छोटी धावपट्टी केली होती, तिथे ते सामान विमानाने उतरले. तेंगबोचेच्या लामांनी शाळेला आशीर्वाद दिला. पुढे ही शाळा वाढत माध्यमिक झाली, तीनशेहून अधिक मुले-मुली तिथे शिकू लागली. इथली मुले डॉक्टर झाली, वैमानिक झाली.

मातीतले उणे आणि माणसातले उणे

शाळेपाठोपाठ १९६६ साली खुंदे या शेजारच्या गावी रुग्णालय झाले. तिथे डॉक्टरांना दिसले की बहुतेकांच्या गळ्याला गलगंड आहे आणि काही मुले जन्मतःच मुकी, बहिरी व मंदबुद्धी निपजतात. कारण मातीत होते. बर्फाच्या वितळत्या पाण्याने तिथल्या मातीतले आयोडिन धुऊन गेलेले. मातीत नाही म्हणून पिकात नाही, पिकात नाही म्हणून माणसात नाही, आणि तिबेटच्या मिठातही नाही. आपल्याकडे लोहाच्या कमतरतेने उसावर केवडा पडतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे त्याची झळ आईच्या पोटातल्या बाळाला बसत होती. आयोडिनयुक्त तेलाची इंजेक्शने दिल्यावर हे चित्र पालटले. वाचक भगिनींनी मिठाची पिशवी घेताना त्यावर ‘आयोडिनयुक्त’ लिहिले आहे ना, हे अवश्य पाहावे. त्या शब्दामागे असे अनुभव आहेत.

१९६४ साली लुकला येथे धावपट्टी बांधली. हिलरींना आधी सपाट, पिकाऊ जमीन हवी होती. शेतकऱ्यांनी ती द्यायला नकार दिला. म्हणून उतारावरची जागा घेतली आणि माती दाबण्यासाठी शेर्पांनी रांगा धरून तिच्यावर नाच केला! धावपट्टी आजही उतरतीच आहे. चांगली जमीन वाचली ती शेतकऱ्याच्या ठामपणामुळे.

लाभ आणि त्याची किंमत

विमान आले तसे प्रवासीही आले. हॉटेले झाली, पैसा आला. पण जळणासाठी रानावर ताण पडला. १९७६ साली सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झाले. रान राखायला सरकारी पहारेकरी आले, तेव्हा गावाच्या जुन्या राखणदारांचा मान कमी झाला, अशी तक्रारही ऐकू आली. डोंगरावरची मजुरी चांगली मिळते, पण ती जिवावरची. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवर हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार ठार झाले. त्यांत बहुतेक शेर्पा होते. हवामान तापते आहे, हिमतळी फुगत आहेत. १९८५ साली एक हिमतळे फुटून नामचेजवळचा होत आलेला वीजप्रकल्प वाहून गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये थामे गावावर असाच लोंढा आला आणि घरे, शाळा, दवाखाना यांचा नाश झाला. शिकलेली मुले काठमांडूला आणि परदेशी जातात, घरी म्हातारी माणसे राहतात. हे दुःख तर आपल्या गावांच्याही ओळखीचे आहे.

शास्त्राचे काम थांबलेले नाही. तिबेटी लोकांच्या अंगात उंचीवर रक्त फाजील घट्ट होऊ न देणारा आनुवंशिक गुण आहे, हे २०१० साली उजेडात आले. शेर्पांमध्येही तो आहे. २०१३ साली एव्हरेस्टच्या पायथ्याशी नवी मोहीम गेली. शेर्पांचे स्नायू थोड्या प्राणवायूत जास्त काम काढतात, असे तिच्या तपासणीवरून २०१७ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयात अत्यवस्थ रोग्याला प्राणवायू कमी पडतो, तेव्हा या ज्ञानाचा उपयोग व्हावा म्हणून डॉक्टर झटत आहेत.

रुपेरी झोपडी पुढे त्या हिमनदीवरून काढून नेली. तिच्यातली मोजमापे ग्रंथांत गेली. खुमजुंगची शाळा मात्र गावात उभी राहिली, कारण ती गावाने मागितली होती. शेतीखात्यात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला यातून एक गोष्ट पटते. नवे बियाणे असो, बंधारा असो वा दवाखाना, गावात पाऊल टाकताच आधी गावाला विचारावे. आणि गावानेही, कोणी विचारायला आले तर, आपल्याला नेमके काय हवे ते एकमताने सांगायची तयारी ठेवावी. शेर्पांनी ती ठेवली होती. पुढल्या ग्रामसभेला जाताना घरातल्या सर्वांनी, बायकांनीसुद्धा, एवढ्या एका प्रश्नाचा विचार करून जावे : आपल्या गावाची ‘शाळा’ कोणती?